अक्षर न वाचता कळणारा नकाशा: ऊसतोड टोळ्यांसाठी चित्रखुणा कशा ठरवाव्यात

दिवाळीच्या आसपास गाळप हंगाम सुरू होतो. बीड, जालना, परभणी, अहिल्यानगर अशा जिल्ह्यांतून ऊसतोड कामगार कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, पुणे इथल्या आणि सीमेपलीकडे कर्नाटकातल्या कारखान्यांकडे निघतात. पुढचे चार-पाच महिने मुक्काम परक्या गावात, आणि तोही एका जागी नाही. फड, म्हणजे तोडणीचं शेत, संपला की कोपी, म्हणजे पाचटाची तात्पुरती झोपडी, हलते. प्यायचं पाणी कुठं, रात्री लेकराला ताप आला तर दवाखाना कुठं, आपल्या कार्डावर धान्य कोणत्या दुकानात मिळेल, हे दर मुक्कामी नव्यानं विचारत फिरावं लागतं.

बहुतेक टोळ्यांमध्ये आता एखादा तरी स्मार्टफोन असतो. त्यावर व्हॉट्सॲपचे आवाजी निरोप आणि यूट्यूब सहज चालतं. नकाशा उघडला की मात्र सगळी अक्षरंच अक्षरं, आणि त्यातल्या खुणा शहरातल्या शिकलेल्या माणसाला डोळ्यांपुढे ठेवून काढलेल्या. हा लेख साखरशाळेचे, म्हणजे ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठीच्या हंगामी शाळेचे शिक्षक, आशा कार्यकर्त्या, कारखान्याच्या शेती विभागातली माणसं आणि गावातली तरुण मुलं यांच्यासाठी आहे. एक लॅपटॉप आणि थोडा धीर एवढ्यावर तुम्ही आपल्या कारखान्याच्या परिसराचा चित्रखुणांचा नकाशा तयार करू शकता. मुख्य कष्ट खुणा ठरवण्यात आहेत, संगणकाचं काम त्यामानानं सोपं आहे. म्हणून लेखाचा मोठा भागही खुणांवरच आहे.

आधी प्रश्न गोळा करा

लोकांना कोणत्या जागा हव्या आहेत ते त्यांनाच विचारा. ग्रामपंचायत, पोस्ट, बँक, वाचनालय अशी यादी आपल्या डोक्यात तयार असते. टोळीतल्या बाईची यादी वेगळी निघते: प्यायचं पाणी, कपडे धुण्याचं पाणी, संडास, अंगणवाडी, सिस्टर कुठं बसते, पिठाची गिरणी, सरपण. गाडी सेंटरवरचा, म्हणजे बैलगाडीवाल्या टोळ्यांच्या तळावरचा माणूस बैलांच्या दवाखान्याचं नाव आधी घेईल. साखरशाळा, रेशन दुकान, किराणा, आठवडी बाजार, एसटीचा थांबा हेही येईल.

यातल्या जास्तीत जास्त बारा जागा निवडा. बाराच्या पुढे खुणा गेल्या की लक्षात राहत नाहीत आणि लहान पडद्यावर गर्दी होते. काही सोडावं लागलं तर सरकारी कचेऱ्या सोडा. रात्रीबेरात्री लागणारं काही सोडू नका.

जमिनीवरचा नकाशा

संगणकाला हात लावण्याआधी कोप्यांसमोरच्या मोकळ्या जागेत रांगोळीनं किंवा राखेनं नकाशा काढून घ्या. गाव आराखड्यासाठी ग्रामपंचायती शिवारफेरी करतात आणि जमिनीवर नकाशा काढतात, तीच रीत. खडे, पाचटाचे तुकडे, काड्या, जे हाताशी असेल ते वापरू द्या. खडू तुमच्या हातात ठेवू नका.

बायकांचा नकाशा वेगळा आणि पुरुषांचा वेगळा काढा. एकत्र बसवलं तर मुकादम (टोळीचा प्रमुख) आणि दोन-चार पुरुषच बोलतात. दोन्ही नकाशांत सुरुवात कुठून होते याकडे नीट लक्ष द्या. उत्तर दिशा वर ही सवय शाळेत लागते. शाळेत न गेलेला माणूस जागा ओळखीच्या ठिकाणापासून मोजतो, आणि इथं ते ठिकाण बहुधा कारखान्याचं धुराडं असतं, कारण ते लांबून दिसतं. तुमच्या ऑनलाइन नकाशाच्या मध्यावरही धुराडंच असू द्या.

बायकांनी पाणवठ्याच्या किंवा दवाखान्याच्या जागी काय ठेवलं, बोलताना हातानं काय करून दाखवलं, हे वहीत टिपून ठेवा. पुढच्या कामाचा अर्धा मसाला इथंच मिळतो.

खुणा निवडताना

तयार चित्रसंच पुष्कळ आहेत. माकी हा नकाशांसाठीचा संच सर्वांना मोफत खुला आहे. संयुक्त राष्ट्रांच्या मानवतावादी मदत विभागानं, म्हणजे ओचानं, २०१२ साली पाचशे खुणा खुल्या केल्या. विमानतळांवर दिसणारी चिन्हं अमेरिकेच्या परिवहन खात्यासाठी १९७४ आणि १९७९ मध्ये काढली गेली, तीही फुकट वापरता येतात. या सगळ्यांतून सुरुवात जरूर करा, पण ‘प्रमाण’ हा शिक्का बघून डोळे मिटून उचलू नका. बघणाऱ्या सगळ्यांना खुणेतून एकच अर्थ दिसला तरच ती खूण त्यांच्यासाठी प्रमाण ठरते.

बंगळुरूच्या वस्त्यांमधल्या घरकामगार स्त्रियांबरोबर इंद्राणी मेधी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अक्षराविना चालणाऱ्या संगणकी पडद्यांवर काम केलं, त्यात शहराचा एक नकाशाही होता. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या त्या कामातल्या तीन गोष्टी आपल्याला थेट उपयोगी आहेत. अगदी सांकेतिक आकृतीपेक्षा हातानं काढलेलं साधं चित्र लोकांना चांगलं कळलं. नुसत्या वस्तूपेक्षा चालू असलेली क्रिया दाखवली की अर्थ पक्का होतो. आणि अक्षरं वाचता न येणाऱ्यांनाही आकडे बहुतेक वेळा ओळखता येतात.

आता एकेक खूण घेऊ.

पाणी. तयार संचांत निळा थेंब असतो. तोच थेंब पेट्रोल पंपाचा आणि रक्तपेढीचाही वाटू शकतो. शिवाय इथं दोन प्रकारचं पाणी वेगळं दाखवायचं आहे. प्यायच्या पाण्यासाठी तांब्यानं पाणी पिणारी बाई काढा, वापरायच्या पाण्यासाठी दगडावर कपडे आपटणारी बाई किंवा पाणी पिणारा बैल. हातपंप असेल तर हापसा मारणारा माणूस. हिरवं म्हणजे चांगलं आणि लाल म्हणजे वाईट, एवढ्या रंगावर हा फरक सोपवू नका. ग्रामपंचायतींना पाण्याच्या तपासणीनंतर हिरवं, पिवळं, लाल कार्ड मिळतं, म्हणून ती भाषा आपल्याला ओळखीची वाटते. पण उन्हात स्वस्त फोनच्या पडद्यावर रंग फिके पडतात आणि काहींना लाल-हिरवा वेगळा दिसतच नाही. आधी चित्र वेगळं हवं, रंग त्याच्या मदतीला.

दवाखाना. पांढऱ्यावर लाल क्रॉस वापरू नका. ते रेडक्रॉसचं संरक्षित चिन्ह आहे आणि भारतात १९६० च्या जिनिव्हा करार कायद्यानुसार केंद्र सरकारच्या परवानगीशिवाय ते वापरायला मनाई आहे. नुसता पलंग काढला तर लॉज वाटतो. इंग्रजी अक्षर अर्थातच नको. सरकारी दवाखान्यांच्या भिंतीवरचा लाल त्रिकोण लोकांना माहीत असतो, पण तो कुटुंब नियोजनाचा म्हणून. सुई टोचणारी सिस्टर किंवा छातीला नळी लावून तपासणारा डॉक्टर हे चित्र सहज कळतं.

उपकेंद्र, प्राथमिक आरोग्य केंद्र आणि ग्रामीण रुग्णालय यांतला फरक टोळीला नावानं सांगून उपयोग नाही. तिला दोनच गोष्टी हव्या असतात: रात्री उघडं असतं का, आणि बाळंतपण होतं का. म्हणून चित्र तेच ठेवून रात्री चालू असलेल्या ठिकाणाला गडद निळ्या आभाळाची आणि पूर्ण चंद्राची पार्श्वभूमी द्या. चंद्रकोर आणि चांदणी एकत्र काढली तर धार्मिक अर्थ लागेल, ते टाळा. बाळंतपणाच्या ठिकाणी आई आणि कुशीतलं बाळ. रुग्णवाहिकेच्या चित्रावर १०८ हा आकडा ठळक लिहा. महाराष्ट्रात २०१४ पासून तो गाड्यांवर दिसत आला आहे.

बैलांचा दवाखाना. बैलाला सुई टोचणारा माणूस. बैलाचं डोकं मोठं काढा, नाहीतर पडद्यावर दोन्ही दवाखाने सारखेच दिसतील.

रेशन दुकान. तराजू काढायचा मोह होतो, पण तराजू किराणा दुकानाचा असू शकतो, कोर्टाचाही. धान्याचं पोतं आणि त्याच्या शेजारी यंत्रावर टेकवलेला अंगठा हे चित्र काढा. एक देश एक रेशनकार्ड योजना जून २०२२ पर्यंत सर्व राज्यांत लागू झाली आणि बाहेरगावच्या दुकानातही अंगठा देऊन धान्य घेता येतं. चित्रातला अंगठा पाहून हा हक्कही लोकांच्या लक्षात येतो.

शाळा आणि अंगणवाडी. तयार संचांतली पदवीदानाची टोपी बाद करा. साखरशाळेला पाटी-दप्तर घेऊन बसलेली मुलं, अंगणवाडीला ताटासमोर बसलेलं लहान मूल.

संडास. बाई-पुरुषाच्या सपाट आकृत्यांत बाई म्हणजे फ्रॉक. साडी आणि पदर काढा. नुसती बाई आणि नुसता पुरुष काढला तर ‘इथं माणसं राहतात’ असाही अर्थ निघतो, म्हणून दार असलेली लहान खोली आणि पाण्याचा डबा सोबत हवा.

एसटी थांबा. समोरून दिसणारी लाल एसटी. हिला बहुधा काही करावं लागत नाही.

हॉटेल, चहा. काटा-चमचा नको. वाफाळता चहा चालेल, पण कपबशी काढण्याआधी पुढचा परिच्छेद वाचा.

आपल्याकडे चित्र बघून अर्थ लावायची सवय निवडणुकांनी लावली आहे. १९५१-५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीच्या वेळी देशात साक्षरता अठरा टक्क्यांच्या आसपास होती. मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांच्या यंत्रणेनं प्रत्येक उमेदवाराला वेगळी मतपेटी दिली आणि तिच्यावर त्याचं चिन्ह लावलं. पुढच्या निवडणुकांमुळे घड्याळ, पंजा, कमळ, इंजिन, मशाल, धनुष्यबाण, शिट्टी या चित्रांना आपल्याकडे दुसराच अर्थ चिकटलेला आहे, आणि ग्रामपंचायतीच्या निवडणुकीत कपबशी, नारळ, छत्री, पतंगसुद्धा उतरतात. वेळ दाखवायला घड्याळ किंवा ‘थांबा’ सांगायला पंजा काढला तर नकाशा कुठल्या पक्षाचा आहे, असा प्रश्न येणारच. आचारसंहितेच्या काळात तर नसती अडचण उभी राहील. वेळ सूर्यानं दाखवा: उगवता, डोक्यावरचा, मावळता. चहासाठी किटलीतून पेल्यात ओतला जाणारा चहा काढा.

देऊळ, मशीद, दर्गा, विहार, चर्च या रस्ता सांगायला उत्तम खुणा असतात. दाखवायच्या तर परिसरातल्या सगळ्याच दाखवा, सारख्या आकारात आणि एकाच रंगात.

‘इथलं पाणी पिऊ नका’ हे सांगायला चित्रावर तिरकी रेघ मारण्याची पद्धत आहे. त्या रेघेवर फार भरवसा ठेवू नका, ती काठी किंवा पाइप वाटू शकते. फुली थोडी बरी. सगळ्यात बरं म्हणजे परिणाम दाखवणं: पोट धरून बसलेलं मूल.

चाचणी

हा टप्पा गाळलात तर आधीचं सगळं अंदाजपंचे राहील. चिन्हं कळतात की नाही हे तपासण्यासाठी आयएसओ ९१८६ हे आंतरराष्ट्रीय मानकच आहे. त्याचा गाभा साधा: चित्र दाखवा, अर्थ विचारा, उत्तर जसंच्या तसं लिहा. किती जणांना कळलं म्हणजे पुरे, याचे आकडे सुरक्षा-चिन्हांच्या क्षेत्रातून घेता येतात. आयएसओच्या जुन्या निकषात ६७ टक्के अचूक उत्तरं लागत. अमेरिकेच्या झेड ५३५.३ या मानकात ८५ टक्के लागतात, आणि धोकादायक उलटा अर्थ लावणारे ५ टक्क्यांहून जास्त नसावेत अशी अट आहे. पाणी आणि दवाखाना यांसाठी मी कडक निकष धरा असंच सांगेन. वीस जणांना विचारलंत तर सतरा उत्तरं बरोबर हवीत, आणि वापरायच्या पाण्याला ‘प्यायचं पाणी’ म्हणणारा एकही नको.

विचारण्याची रीत अशी:

१. चित्र फोनवरच दाखवा, नकाशात जेवढं असेल तेवढ्याच आकारात, आणि उन्हात उभं राहून. कागदावर मोठं छापलेलं चित्र सगळ्यांनाच कळतं.

२. ‘हे पाणी आहे ना?’ असं विचारू नका. समोरचा मान राखायला हो म्हणतो. ‘मावशी, ही खूण असलेल्या जागी गेलं तर काय मिळेल?’ असं विचारा.

३. एकेकाला वेगळं विचारा. घोळक्यात पहिल्याचं उत्तर सगळ्यांचं होतं.

४. जमिनीवरच्या नकाशाच्या वेळी हजर नसलेल्या दुसऱ्या टोळीत चाचणी घ्या. वयस्कर बायका आणि दहा-बारा वर्षांची मुलं दोन्ही असू द्या. फोन पुष्कळदा मुलांच्याच हातात असतो.

५. चुकलेली उत्तरं खरी कामाची. ‘दवाखान्या’ला तिघांनी ‘मेडिकल दुकान’ म्हटलं असेल तर चित्रातली बाटली काढा, माणूस घाला आणि पुन्हा विचारा.

नापास खूण दोनदा सुधारूनही कळत नसेल तर ती जागा चित्रानं दाखवण्याचा हट्ट सोडा आणि आवाजावर सोपवा. आठवडी बाजाराचा वार हे त्याचं नेहमीचं उदाहरण.

खुणा एकदा ठरल्या की बदलू नका. पुढच्या वर्षी कुणी जास्त देखणं चित्र काढून दिलं तरी नाही. शेजारच्या कारखान्याचा नकाशा कुणी करणार असेल तर त्यालाही हाच संच द्या, कारण टोळ्या दरवर्षी त्याच कारखान्यावर जातात असं नाही.

नकाशावर चढवणं

यूमॅप हे ओपनस्ट्रीटमॅपवर, म्हणजे लोकांनी मिळून केलेल्या खुल्या नकाशावर, चालणारं मोफत साधन मला या कामाला सगळ्यात सोयीचं वाटतं. गूगलच्या ‘माय मॅप्स’मध्येही स्वतःची चित्रं वापरता येतात, पण यूमॅपमध्ये पडद्यावरची नको असलेली बटणं लपवता येतात, आणि आपला नकाशा बघणाऱ्यांसाठी ते फार मोलाचं आहे.

ओपनस्ट्रीटमॅपवर खातं उघडून यूमॅपमध्ये शिरा आणि नवा नकाशा घ्या. प्रत्येक प्रकारच्या जागेसाठी वेगळा थर करा: पाण्याचा एक, दवाखान्यांचा एक. चित्रं कागदावर काढून फोटो काढला असेल तर पार्श्वभूमी पुसून घ्या, रेघा जाड करा आणि पीएनजी किंवा एसव्हीजी स्वरूपात इंटरनेटवर अशा ठिकाणी ठेवा जिथला पत्ता बदलत नाही. विकिमीडिया कॉमन्स चालेल. थराच्या मांडणीत खुणेच्या चित्राच्या जागी तो पत्ता टाका.

मग पुढच्या गोष्टी तपासा. थराचा प्रकार साधा ठेवा, ‘क्लस्टर’ नको. त्यात जवळजवळच्या खुणा गायब होऊन आकड्याचा गोळा दिसतो आणि तो काय आहे हे कुणालाच कळत नाही. तळाचा नकाशा कमीत कमी अक्षरांचा निवडा. झाडी, ओढा, पाट, रस्ते दिसले की पुरे. उपग्रहाचं छायाचित्र सगळ्यांना आवडेल असं वाटतं, पण उसाच्या पट्ट्यात ते हिरव्यावर हिरवं दिसतं आणि त्यात खुणा हरवतात. दूरून बघताना फक्त पाणी, दवाखाना आणि धुराडं दिसेल, जवळ गेल्यावर बाकीचं, अशी झूमची मर्यादा प्रत्येक थराला लावता येते. खुणा मोठ्या ठेवा. बोटानं दाबायच्या जागेसाठी अँड्रॉइडची शिफारस ४८ एककांची आहे, म्हणजे पडद्यावर साधारण नऊ मिलिमीटर. काम करून जाड झालेल्या, भेगा पडलेल्या बोटांसाठी त्याहून थोडं मोठंच बरं.

खूण दाबली की जी चौकट उघडते तिच्यात मजकुराऐवजी त्या जागेचा फोटो लावा, रस्त्यावरून जाताना दिसतो तसा. सोबत त्यांच्याच बोलीतलं बोलणं द्या, अर्ध्या मिनिटाचं: ‘धुराड्यापासून पाटाच्या कडंनं चालत निघा, वडाचं झाड लागंल, तिथून डाव्या हाताला.’ अंतर किलोमीटरमध्ये सांगू नका. चालत किती वेळ आणि बैलगाडीनं किती, हे सांगा. हे बोलणं टोळीतल्याच एखाद्या बाईच्या आवाजात असलं तर बाकीच्या बायका ते नीट ऐकतात.

फडात रेंज नसते. त्यासाठी दोन तजविजी करा. पूर्ण नकाशाचं एक स्वच्छ चित्र टोळ्यांच्या व्हॉट्सॲप गटांवर पाठवून ठेवा. दुसरं, यूमॅपमधून केएमएल फाइल (तुमच्या जागांची नोंद असलेली) उतरवून ऑरगॅनिक मॅप्ससारख्या बिनइंटरनेटच्या ॲपमध्ये उघडून द्या. तिथं तुमची चित्रं येणार नाहीत, नुसत्या टाचण्या दिसतील. म्हणून त्या ॲपमध्ये प्रत्येक प्रकाराच्या टाचण्यांना एकच ठरलेला रंग द्या.

तीच खूण जागेवर रंगवा

हे काम पुष्कळ जण वगळतात, आणि माझ्या मते नकाशा चालतो तो याच्यामुळेच. फोनवर तांब्यानं पाणी पिणारी बाई दिसली आणि टाकीपाशी पोचल्यावर तीच बाई टाकीवर रंगवलेली दिसली, की खूण कायमची शिकून होते. ग्रामपंचायत, अंगणवाडी, रेशन दुकानदार यांची परवानगी घेऊन हातभर उंचीचं चित्र ऑइलपेंटनं काढा. कारखान्याच्या गाडीतळावर आणि वजनकाट्याजवळ पूर्ण नकाशा भिंतीवर रंगवा. ज्यांचा फोन नवऱ्याकडे किंवा मुकादमाकडे असतो अशा बायकांना तरच नकाशा खऱ्या अर्थानं मिळेल.

काय दाखवायचं नाही

कोप्यांची नेमकी जागा, बायकांची आंघोळीची जागा, सरपणाला जायची एकटी वाट, गरोदर बाई किंवा एकटी मुलगी राहते ते ठिकाण, यातलं काहीही नकाशावर टाकू नका. जमिनीवरच्या नकाशात हे आलेलं असेल, ते तिथंच पुसा आणि त्याचा फोटो कुठं पाठवू नका. यूमॅपमध्ये नकाशा फक्त दुवा असलेल्यांनाच दिसेल आणि तुमचे निवडक सहकारीच बदलू शकतील, अशी परवानगी लावा. दवाखाना, शाळा, सार्वजनिक नळ अशा कायमच्या जागा ओपनस्ट्रीटमॅपवरही नोंदवा, सगळ्या जगाला उपयोगी पडतील. तात्पुरत्या मुक्कामाचं काही तिथं नको.

हंगामभर देखभाल

बिघडलेला हापसा नकाशावर तसाच राहिला तर बाई घागर घेऊन तिथवर जाऊन रिकामी परत येईल आणि पुन्हा नकाशा उघडणार नाही. पंधरा दिवसांतून एकदा पाण्याच्या सगळ्या जागा तपासा. टोळीतून बिघाडाची खबर यावी म्हणून एकच सोपा रस्ता ठेवा: त्या जागेचा फोटो किंवा आवाजी निरोप ठरलेल्या एका नंबरवर. खबर मिळाली की खूण त्याच दिवशी लपवा, दुरुस्ती झाल्याशिवाय परत आणू नका.

पट्टा पडला, म्हणजे हंगाम संपला, की नकाशा पुसू नका. पाण्याचे तात्पुरते थर बंद करा, कायमचे राहू द्या, चित्रांच्या मूळ फाइली आणि चाचणीची वही साखरशाळेत किंवा ग्रामपंचायतीत जमा करा. पुढच्या हंगामात पहिली टोळी उतरेल त्या आठवड्यात एक फेरी मारून जागा तपासा, टँकर आणि नळ नव्यानं नोंदवा आणि जुनाच दुवा पुन्हा गटांवर पाठवा.